चौसष्ट पैशांचे जाळे

आमच्या नातीने संगणकाची पदविका पदरात पाडून घेतल्यावर, "आता नेटवर्किंगचं एखादं सर्टिफिकेशन करीन म्हणते," असे एका रात्री जेवता जेवता जाहीर केले. आणि त्यानंतर आमच्या साताऱ्याच्या घरात जी खलबते झाली त्यांचे इतिवृत्त कोणी ठेवले असते, तर ते वाचणाऱ्याचा अजिंक्यताऱ्यावरून एखादी मोठी मोहीम निघणार असल्याचा समज सहज झाला असता. ज्यांना राउटर म्हणजे माळ्यावर धूळ खात लुकलुकणारी पेटी यापलीकडे काही ठाऊक नव्हते, अशा सर्व वडीलधाऱ्यांनी या विषयावर आपले मत दिले. आणि ज्यांना मत नव्हते त्यांनी अनुभव सांगितले.

उमेदवार मुख्यतः दोन होते. पहिली 'नेटवर्क प्लस' ही कॉम्पटिया या संस्थेची परीक्षा. ती कोणत्याही एका यंत्रनिर्मात्याचा पक्ष घेत नाही, नव्वद मिनिटांत जास्तीत जास्त नव्वद प्रश्न विचारते, आणि १०० ते ९०० अशा मोजपट्टीवर ७२० गुण मिळविणाऱ्यास उत्तीर्ण ठरविते. ज्या परीक्षेत सर्वस्वी अज्ञानी मनुष्यालाही शंभर गुण देऊन सन्मानाने घरी पाठविण्याची तजवीज आहे, तिच्याविषयी माझ्या मनात तात्काळ आदर उत्पन्न झाला. आमच्या वेळच्या खात्याच्या परीक्षांत असले औदार्य नव्हते. दुसरी सिस्को कंपनीची 'सीसीएनए'. ही कंपनी लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या दांपत्याने १९८४ साली काढली, आणि तिचे नाव सॅन फ्रान्सिस्को शहराच्या नावाची अखेरची दोन अक्षरे कापून घेऊन ठेवले. तिच्या परीक्षेला वेळ १२० मिनिटे, शुल्क ३०० डॉलर अधिक कर, आणि किती गुणांना उत्तीर्ण होतात हे कंपनी प्रसिद्ध करीत नाही. सीसीएनएच्या खाली सिस्कोचीच 'सीसीईएनटी' नावाची एक सोपी पायरी पूर्वी होती, परंतु २०२०च्या फेब्रुवारीत ती मोडीत काढण्यात आली. म्हणजे आमच्या नातीचा पाय उचलला जाईपर्यंत जिना एका पायरीने उंच झाला होता.

चिरंजीवांनी डॉलरचा त्या दिवशीचा भाव पाहून दीर्घ श्वास घेतला. शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी, हे सर्व सोडून मुलीला बँकेच्या परीक्षेस बसवावे, असा तोडगा सुचविला. कोणत्याही विषयावर त्यांचा तोडगा हाच असतो. व्यवहाराचा प्रश्न एकट्या सूनबाईंनी विचारला, तो म्हणजे नोकरीच्या जाहिरातींत कोणत्या परीक्षेचे नाव येते. नातीने सात-आठ दिवस पुण्यातल्या जाहिराती चाळल्या आणि सीसीएनएच्या बाजूने निकाल दिला. माझे स्वतःचे मतही असे आहे की, विद्येच्या दृष्टीने नेटवर्क प्लसची निःपक्षपाती बैठक अधिक शुद्ध असली, तरी ज्या खुर्चीवर पुढे बसावयाचे त्या खुर्चीचा मालक कोणता दाखला ओळखतो हे आधी पाहावे. पण हे मत मी निकाल लागल्यावर दिल्यामुळे त्याची कोणी नोंद घेतली नाही.

पुढे अप्पा बळवंत चौकातून वेंडेल ओडम यांच्या ग्रंथाचे दोन जाडजूड खंड आले, आणि भूमी अभिलेख खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेला, दुपारी झोपेखेरीज अन्य व्यवसाय नसलेला मी, पुस्तक हातात धरून उजळणी घेण्याच्या कामी रुजू झालो. "आजोबा, तुम्ही फक्त प्रश्न विचारा, समजून घेऊ नका," अशी ताकीद मला मिळाली होती. तथापि पहिल्याच प्रकरणात माझी अशी खात्री पटली की, ही विद्या ज्यांनी निर्माण केली ते कोणत्या ना कोणत्या जन्मी कचेरीत कारकून असले पाहिजेत. संगणकांच्या परस्परसंभाषणाचे सात थर सांगणारी नियमावली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झाली, आणि त्या आधीच, १ जानेवारी १९८३ रोजी, अर्पानेट या आद्य जाळ्याने टीसीपी-आयपी ही निराळीच पद्धत स्वीकारून कारभार सुरू केला होता. सात थरांपैकी 'सेशन' आणि 'प्रेझेंटेशन' या दोन थरांवर आजच्या जाळ्यात स्वतंत्रपणे कोणी बसलेले आढळत नाही. त्यांची कामे वरचा थर परस्पर उरकतो. आस्थापनेवर मंजूर असलेली परंतु कधीही न भरलेली पदे पाठ करून घेण्याचा हा प्रकार मला इतका ओळखीचा वाटला की, मला क्षणभर कचेरीतल्या खळीचा वास आला.

परंतु ज्या प्रकरणापाशी भलेभले उमेदवार पुस्तक मिटतात ते म्हणजे सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांच्या एका मोठ्या गटाचे लहान लहान हिस्से पाडणे. आमची नातही तेथे अडली. एकाएकी डोळे पुसत ती म्हणाली, "आजोबा, चौसष्टाचे बत्तीस, बत्तिसाचे सोळा, परीक्षेत इतक्या झटपट कोण करतं?" मी म्हणालो, "अगं, माझी आजी करीत असे." आणि ते अक्षरशः खरे होते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोपर्यंत आमचा रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता. त्याचा अर्धा केला की बत्तीस पैशांची अधेली, तिचा अर्धा केला की सोळा पैशांची पावली, मग आठांची चवली, चारांचा आणा, दोहोंचा ढब्बू आणि शेवटी एकटा पैसा. जाळ्याच्या शास्त्रात 'स्लॅश २६' म्हणून जो गट आहे त्यात पत्ते चौसष्ट, स्लॅश २७मध्ये बत्तीस, स्लॅश २८मध्ये सोळा, आणि याच क्रमाने खाली येत स्लॅश ३०मध्ये चार. जी गोष्ट अमेरिकेतील अभियंत्यांनी १९८०च्या दशकात टिपणे प्रसिद्ध करून जगाला शिकविली, ती आमच्या मंडईत भाजीवाल्या अंगठेबहाद्दर बायका मोड देताना करीत असत.

एवढेच नव्हे, तर सराफाचा बट्टासुद्धा त्यात आहे. प्रत्येक गटातील पहिला पत्ता त्या गटाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्यासाठी राखून ठेवावा लागतो, त्यामुळे चौसष्टांतून कामाला बासष्टच उरतात. रुपया अखंड ठेवला तर बट्टा दोन पैशांचा. परंतु त्याचे सोळा आणे करून आणले, तर दर आण्यामागे दोन पैसे जाऊन निम्मा रुपया बट्ट्यातच बुडाला! हे ऐकल्यावर नातीने वहीच्या समासात 'र, अ, पा, च, आ, ढ, पै' अशी अक्षरे मांडली, आणि १९२.१६८.१०.७७ हा स्लॅश २६चा पत्ता कोणत्या गटात पडतो असे मी विचारताच, "दुसऱ्या रुपयात, चौसष्टपासून एकशे सत्तावीसपर्यंत," असे उत्तर तिने पापणी लवण्याच्या आत दिले. हा १९२.१६८चा पत्ता घरोघर तोच कसा, ही शंका मात्र मला आली नाही. प्रत्येक गावात गट नंबर एक असतोच, आणि त्यावरून दोन गावांत तंटा झाल्याचे निदान माझ्या कारकिर्दीत तरी ऐकिवात नाही.

या शास्त्रातील एका नियमाचा मला अद्याप हेवा वाटतो. जाळ्यातून जाणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पुडक्यावर, म्हणजे पॅकेटावर, निघतानाच एक आकडा घातलेला असतो, बहुधा ६४ किंवा १२८. वाटेतील प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो, आणि आकडा शून्यावर आला की ते पॅकेट तेथेच निकालात काढून तशी इत्तला पाठविणाऱ्याकडे रवाना होते. फायलीने किती मेजे पालथी घालावीत याची अशी मर्यादा आमच्या खात्यात असती, तर कित्येक फेरफार अर्जदाराच्या हयातीत मंजूर झाले असते. निदान ते मेल्याचे तरी त्याला कळले असते.

अभ्यास रंगात आला असता शेजारच्या एका हितचिंतकाने 'डंप' आणून देण्याची तयारी दर्शविली. डंप म्हणजे खऱ्या परीक्षेतून चोरून आणलेल्या प्रश्नोत्तरांचा साठा. दहावी-बारावीला 'एकवीस अपेक्षित' उशाशी घेऊन झोपलेल्या महाराष्ट्राला यात वावगे काही दिसू नये हे स्वाभाविक आहे. परंतु 'अपेक्षित'वाला निदान अदमास बांधतो, हा थेट दप्तर फोडतो. पकडला गेल्यास दाखला रद्द होतो, आणि न पकडला गेल्यास रात्री दोन वाजता कचेरीचे जाळे बंद पडल्यावर त्या उमेदवाराला जागे करतात, हे दुसरे शासन मला अधिक कडक वाटते. नातीने साभार नकार दिला आणि पॅकेट ट्रेसर नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत लुटुपुटूचे राउटर जोडीत बसली.

परीक्षाकेंद्रावर तिचे ओळखपत्र तपासले गेले, छायाचित्र काढले गेले, घड्याळ आणि मोबाइल कुलपात गेले, खिसे उलटे करून दाखवावे लागले, आणि एवढ्या सगळ्या आधुनिक बंदोबस्तानंतर कच्च्या कामासाठी तिच्या हाती जी वस्तू देण्यात आली ती पुसता येणारी पाटी होती. सोडवून पुढे गेलेल्या प्रश्नाकडे या परीक्षेत परत फिरता येत नाही, म्हणून तिने बसल्याबरोबर पाटीवर प्रथम 'र, अ, पा, च, आ, ढ, पै' लिहून घेतले. परत देताना ती पाटी पर्यवेक्षकाने बराच वेळ उलटसुलट न्याहाळली, असे ती सांगते.

यथावकाश ती उत्तीर्ण झाली. पेढे वाटून झाल्यावर तिने सांगितले की, हा दाखला तीन वर्षेच चालतो, त्यानंतर पुन्हा परीक्षा देऊन किंवा ठरलेले शिक्षण पुरे करून तो जिवंत ठेवावा लागतो. चिरंजीव पुन्हा डॉलरचा भाव पाहू लागले. मी तिची समजूत घातली की, तीन वर्षांची मुदत फारच उदार आहे. मला तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देऊन मी जिवंत असल्याचे सरकारला पटवावे लागते.

"मग आजोबा," तिने विचारले, "त्या परीक्षेला निगेटिव्ह मार्किंग असतं का हो?"

सूनबाईंनी तिला दटावले; मी मात्र या नोव्हेंबरात कोषागारात विचारून घेणार आहे.