भाऊ गाडी बघूलालेत

नांदेड-लातूर पट्ट्यात गाडी घेणारे पायलीला पन्नास सापडतील. गाडी बघणारा मात्र एखादाच, आणि तो अख्ख्या तालुक्याला पुरून उरतो. त्याला सगळे 'भाऊ' म्हणतात. वय चाळिशीच्या अलीकडंपलीकडं, शेत बापाचं, धंदा गुत्तेदारीचा, कपडे पांढरे आणि कडक. भाऊंना हवी थार, तीही फोर बाय फोर. याबद्दल घरात, हॉटेलात, सोसायटीत कुठंच दुमत नाही. नवी की जुनी, एवढंच ठरायचं राहिलंय.

सकाळी भाऊ नवीच्या बाजूनं असतात, कारण शोरूमला एसी असतो आणि कॉफी फुकट मिळते. २०२० च्या ऑक्टोबरात नवी थार ९ लाख ८० हजारांपासून पुढं निघाली, तेव्हा भाऊ म्हणाले, "पहिल्या लॉटची गाडी घेऊ नाही. कंपनी आपल्यावर शिकते." २०२३ च्या जानेवारीत नुसत्या मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त थार आली. "मग आपली बोलेरो काय वाईट हाय?" २०२४ च्या १५ ऑगस्टच्या सुमाराला पाच दारांची रॉक्स आली. मालकीणबाई आनंदल्या, मागं बसायला पुढची सीट वाकवून सर्कस करावी लागणार नव्हती. भाऊ म्हणाले, "पाच दारं असल्यावर ती थार कसली? ते तर घर झालं." मग २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, छोट्या इंजिनाच्या थारवरचा कर १८ टक्क्यांवर आला. त्या दिवशी भाऊंनी हॉटेलात सगळ्यांना चहा पाजला. "बघा, थांबलाव म्हणून वाचलाव!" आता ते आणखी उतरायची वाट बघतायत.

संध्याकाळी गॅरेजवर मात्र भाऊ जुनीचे. २०१० ला निघालेली ती पहिली थार म्हणजे त्यांच्या मते शेवटची खरी गाडी. "आत काही नाही, म्हणून बिघडायला बी काही नाही." माळेगावच्या यात्रेत घोडं घेणारा जसा आधी दात बघतो, मग टाप उचलतो आणि शेवटी मालकाच्याच तोंडाकडं बघत बसतो, तसं भाऊ गाडी बघतात. बॉनेट उघडून रंग खरवडतात, दाराच्या रबराखाली बोट घालतात, सीटखालचा गंज हुंगतात. मीटर मागं केलेलं कसं ओळखायचं, तर पेडलचं रबर बघायचं. आकडा फिरवता येतो, झिजलेलं रबर खोटं बोलत नाही. हे त्यांचं म्हणणं मला पटतं. बँकेचा बोजा उतरलाय का, फॉर्म २९ आणि ३० वर सही कुणाची, सगळं त्यांना तोंडपाठ. एजंटानं "डॉक्टरची गाडी हाय, एकहाती" म्हटलं की ते विचारतात, "माणसाचा का जनावराचा?"

मध्यंतरी दिल्लीकडच्या गाडीचं चाललं होतं. तिकडं तेव्हा डिझेल गाडीला दहा वर्षं झाली की रस्त्यावर बंदी होती, म्हणून ती एनओसी घेऊन स्वस्तात खाली सरकायची. तिथं म्हातारी ठरलेली आमच्याकडं येऊन तरणी व्हायची. भाऊ जवळजवळ निघालेच होते. मग एमएच २६ चं पासिंग, इथला टॅक्स आणि पंधराव्या वर्षी पुन्हा रजिस्ट्रेशन, असा हिशेब सिगारेटच्या पाकिटावर मांडला आणि पाकीट खिशात ठेवून दिलं.

आण्णांना, म्हणजे भाऊंच्या वडलांना, हा प्रश्नच कळत नाही. मुंबईत १९४७ पासून थारची आजी, म्हणजे विलीज जीप, जुळवायला लागले, पण आण्णांच्या गावात जीप शिरायची ती तहसीलदाराची, नाहीतर मतं मागणाऱ्याची. आतला माणूस हात जोडायचा किंवा वसुली काढायचा. "ह्यातलं तुला काय करायचंय?" असं आण्णा विचारतात. भाऊ उत्तर देत नाहीत, पण पुढची पंचायत समिती जवळ आलीय.

शेताला जायचा पांदण रस्ता सोडला तर गावात फोर बाय फोरचं खरं काम कुठंच नाही. २०२१ ला पांदण रस्त्यांसाठी सरकारनं मातोश्रींच्या नावाची योजना काढली. त्यातलं या रस्त्याचं गुत्तं भाऊंकडंच आहे. खडी पडली, तिच्यावर गवत आलं. रस्ता पुरा केला तर स्प्लेंडरसुद्धा शेतात जाईल, मग थार घ्यायला कारण काय उरणार? भाऊंना हे कुणी विचारत नाही. मी तरी कशाला विचारू, माझंही शेत त्याच रस्त्यानं आहे आणि मला त्यांच्याच गाडीत बसून जायचंय.

आषाढात एक जुनी थार ट्रायलसाठी त्याच पांदणीत घातली. काळी माती ओली झाली की फोर बाय फोरला विचारत नाही. चाकांच्या खाचा भरल्या, टायर गुळगुळीत झाले आणि चारही चाकं एकदमच जागच्या जागी फिरायला लागली. लो गिअर टाकला. गाडी पुढं जायच्या ऐवजी खाली गेली. शेवटी शेजारच्या वावरातला ट्रॅक्टर आणून दोर बांधला. भाऊ गुडघाभर चिखलात उभे राहून मालकाशी भाव करत होते. गाडी अडकली म्हणून त्यांनी वीस हजार उतरवून घेतले, तरी टोकन दिलं नाही. मग ट्रॅक्टरला एक फेरी मारली, मागच्या टायरवर थाप दिली आणि ड्रायव्हरला विचारलं, "कोणत्या सालचा हाय? द्यायचाय का?"