जगात जर्मनी, गच्चीवर परभणी

मराठवाड्यात तालुक्याच्या प्रत्येक गावाला एक तरी माणूस असा असतो, की ज्याचा जीव स्वतःशी काडीचाही संबंध नसलेल्या लढतीत अडकलेला असतो. कुणी अमेरिकेच्या अध्यक्षपदाची मतमोजणी डोळ्यांत तेल घालून पाहतो आणि पेनसिल्व्हेनियाच्या निकालावरून घरच्यांशी अबोला धरतो. कुणी विम्बल्डनच्या अंतिम सामन्याला देव पाण्यात ठेवतो. या जमातीतला सर्वांत दुर्मीळ नमुना म्हणजे युरोव्हिजन पाहणारा. तो परभणीत सापडावा याला कारण आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथलं लेकरू बोलायला लागतं त्याच सुमारास शिकतं. बाकीचे ती पाहुण्यांना ऐकवून चहा मागवतात. या गृहस्थांनी ती मनावर घेतली.

त्यांना आपण जर्मनी सर म्हणू. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. वसमत रोडच्या बाजूला खाली तीन खोल्या, वर मोकळी गच्ची. मोल्दोव्हाची राजधानी झोपेतही सांगतील, पण पिठाची गिरणी कुठल्या वारी बंद असते ते सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर माणसं शेतीत, कीर्तनात किंवा सुनेच्या कारभारात लक्ष घालतात. सरांनी जर्मनीच्या गाण्यात घातलं.

युरोव्हिजन म्हणजे मुख्यतः युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांनी मिळून भरवलेली गाण्याची स्पर्धा. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावी सात देशांनी ती सुरू केली. २०२० मधला करोनाचा खाडा वगळता ती दरवर्षी होते. प्रत्येक देश एक नवं गाणं पाठवतो आणि मग परीक्षक व जनता मिळून गुण देतात. ‘आबा’ नावाचा स्वीडिश चमू १९७४ साली इथूनच जगभर गेला. अंतिम फेरी साधारणपणे मेच्या मध्यावर, शनिवारी, तिकडच्या रात्री नऊला सुरू होते. तेव्हा परभणीत रविवार लागून अर्धा तास झालेला असतो. मेमधली परभणी ज्याने सोसली आहे त्याला पुढचं सांगायला नको. दिवसा पारा ४४ पार करून गेलेला, भिंती रात्री बारालाही तापलेल्या, आणि अख्खी गल्ली गच्चीवर लोळत जागी. स्पर्धा डिसेंबरात असती तर सरांना हा नाद लागलाच नसता.

गच्चीवरची तयारी दुपारपासून चालते. माठ, सतरंजी, आणि टेकूला उशी लावून उभा केलेला मोबाइल. कारण इथल्या कुठल्याच वाहिनीवर ही स्पर्धा लागत नाही, यूट्यूबवर पाहावी लागते. शेजारी जुन्या हजेरीपटाची कोरी पानं. त्यावर देशांची नावं अनुक्रमाने, पुढे सरांचे स्वतःचे गुण, मग परीक्षकांचे, मग जनतेचे. लाल शाईने फक्त जर्मनी. साडेबाराला सनईसारखं काहीतरी वाजतं आणि खालून आवाज येतो, “अहो, आवाज कमी करा की. शेजारच्यायला वाटायलंय आपल्याकडं लग्न लागायलंय.”

सर या वाटेला लागले ते टप्प्याटप्प्याने. आधी आला डिसेंबर २००७ मधला ‘एशियन आयडॉल’. आपला मराठी मुलगा अभिजीत सावंत भारताकडून जकार्तात गायला. तिथला नियम असा होता, की मत देणाऱ्याने एक नव्हे, दोन गायक निवडायचे. जिंकला सिंगापूरचा हादी मिर्झा, अभिजीत तिसरा आला. प्रत्येकाने पहिलं मत आपल्या माणसाला दिलं आणि दुसरं कुणाला द्यायचं म्हणून सिंगापूरला, हा सरांचा निष्कर्ष. त्या दिवसापासून कुठलीही स्पर्धा पाहायची तर आधी नियमावली वाचायची, हा त्यांचा परिपाठ झाला.

दुसरा टप्पा झी मराठीवरच्या ‘लिट्ल चॅम्प्स’चा. २००९ मधल्या महाअंतिम फेरीत आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, पण मराठवाड्याचे डोळे लातूरच्या रोहित राऊतवर होते. एरवी लातूरचं नाव काढलं की परभणीकराच्या कपाळाला आठ्या पडतात. रस्ते त्यांना, मंत्री त्यांना, शिकवणीचे वर्ग त्यांना. त्या वर्षी मात्र सरांनी सगळं पोटात घातलं आणि लातूरच्या पोरासाठी रिचार्ज संपेपर्यंत एसेमेस पाठवले. म्हणूनच पुढे ग्रीस आणि सायप्रस जवळपास दरवर्षी एकमेकांच्या पदरात बारा-बारा गुण टाकताना पाहून त्यांना जराही धक्का बसला नाही. इतरांना ती लबाडी वाटते. सर म्हणतात, “शेजारी हाय. मांडव त्याच्याकडूनच आणावा लागतो.”

शेजारधर्माची उलटी बाजूही त्यांना पाठ आहे. २००९ साली अझरबैजानमधून कट्टर वैरी आर्मेनियाच्या गाण्याला फक्त ४३ मतं पडली होती, आणि त्यातल्या एका तरुणाला ‘हे मत कामून दिलं?’ म्हणून सरकारी यंत्रणेने चौकशीला बोलावलं. ही हकिगत सर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या दिवसांत मुद्दाम सांगतात. ऐकणारे गंभीर होतात.

तिसरा टप्पा २०१० चा. ऑस्लोमध्ये लेना नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलीने जर्मनीला जिंकून दिलं. त्याआधीचा जर्मनीचा विजय १९८२ चा, सतरा वर्षांच्या निकोलचा. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी आलेला हा दुसरा विजय. सरांनी वर्तमानपत्रात ‘जर्मनी विजयी’ वाचलं तेव्हा आधी त्यांना फुटबॉल वाटला. गाण्यात जिंकली हे कळल्यावर त्यांनी ठरवलं की आता ही पोरगी आपली, हा देश आपला, पुढच्या मेपासून आपण बसायचं.

ते बसले आणि जर्मनीही बसली.

सरांच्या हजेरीपटातली लाल शाईची नोंद जशीच्या तशी देण्याजोगी आहे. २०१५, व्हिएन्ना : शून्य गुण. त्या वर्षी जर्मनीतल्या निवड फेरीत जिंकलेल्या गायकाने तिथल्या तिथे, भर मंचावर, ‘मी जात नाही’ म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला पाठवलं. तिला भोपळा मिळाला. यजमान ऑस्ट्रियालाही भोपळाच मिळाला, एवढाच शेरा सरांनी समाधानासाठी लिहिलेला आहे. २०१६, स्टॉकहोम : शेवटची. २०१७, कीव्ह : शेवटून दुसरी. २०१८, लिस्बन : चौथी! या उद्गारचिन्हाखाली दोनदा रेघ आहे आणि त्या पहाटे दूधवाल्याला पेढा मिळाल्याचं गल्लीत सांगतात. २०१९, तेल अवीव : जनतेचे गुण शून्य. २०२० : स्पर्धा रद्द, ‘जर्मनी अपराजित’. २०२१, रॉटरडॅम : तीन गुण. २०२२, तुरिन : शेवटची. २०२३, लिव्हरपूल : शेवटची.

श्टुटगार्टला नोकरी करणारा पुतण्या फोनवर म्हणतो, “काका, तुम्ही बघायला लागल्यापासून असं व्हायलंय. पायगुण हाय तुमचा.” सर त्याच्याकडे दुर्लक्ष करतात, कारण या बाबतीत पुतण्या कुचकामी आहे. नियमानुसार कुठल्याही देशातून स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. जर्मनीत राहणारा, जर्मनीचा कर भरणारा, जर्मनीचा ब्रेड खाणारा पोरगा जर्मनीला मत देऊ शकत नाही. आणि परभणीच्या गच्चीवर सतरंजी टाकून बसलेले त्याचे काका देऊ शकतात.

कारण २०२३ पासून आयोजकांनी उरलेल्या जगालाही मतदान खुलं केलं. ऑनलाइन, कार्डाने पैसे भरून, त्या वर्षी एका माणसाला वीस मतांपर्यंत. मात्र या साऱ्या उरलेल्या जगाच्या मतांची मिळून किंमत एका देशाएवढी. म्हणजे भारत, चीन, अमेरिका, ब्राझील एका बाजूला आणि परभणी शहराच्या लोकसंख्येत ज्याच्यासारखे आठ-नऊ देश सहज बसतील तो सान मारिनो दुसऱ्या बाजूला, आणि जनतेच्या गुणांत दोघे सारखे. सरांना यात अपमान दिसला नाही. त्यांना दिसली संधी.

अडचण कार्डाची होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधल्या नियमामुळे नवीन कार्ड परदेशी व्यवहारासाठी बंद अवस्थेतच हाती येतं, ते सुरू करून घ्यावं लागतं. सर पासबुक, आधार आणि दोन फोटो घेऊन बँकेत गेले. फोटो कुणी मागितले नव्हते, पण न मागितलेला कागद जवळ असावा हा त्यांचा नोकरीतला अनुभव.

“परदेशी व्यवहार कशासाठी लागतोय, सर?” काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

“मतदान करायचंय.”

“मतदान फुकट असतंय, सर.”

हे मतदान कसं निराळं आहे ते त्यांनी तिला लुगानोपासून समजावून सांगितलं. मागे पीकविम्याची रांग होती. तिने कार्ड तातडीने सुरू करून दिलं.

२०२३ च्या अंतिम फेरीच्या रात्री सरांनी वीसच्या वीस मतं जर्मनीच्या रॉक चमूला दिली. गाणं त्यांना सहन झालं नव्हतं. एका कडव्यात गायक गायला कमी आणि ओरडला जास्त, असा शेरा हजेरीपटात आहे. पण निष्ठा ती निष्ठा. निकाल लागला : जर्मनी सव्विसावी, एकूण गुण अठरा. सकाळी चहाच्या गाड्यावर कुणीतरी विचारलंच, “सर, तुम्ही वीस दिले आन् अठराच कसे पोचले?” मतांचं गुणांत रूपांतर कसं होतं यावर सरांनी पाऊण तास व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांचं मत शेवटपर्यंत हेच राहिलं की दोन मधल्या मधे गेले.

खरा वाद त्या वर्षी वेगळाच होता, आणि तो सरांनी गल्लीला बरोबर पटवून दिला. जनतेने भरभरून मतं दिली होती फिनलंडच्या कारियाला : ३७६ गुण. परीक्षकांनी उचलून धरलं स्वीडनच्या लोरीनला : ३४० गुण. बेरजेत लोरीन जिंकली, ५८३ विरुद्ध ५२६. सरांनी एका वाक्यात निकाल दिला : “जनतेतला सरपंच फिनलंडचा, सदस्यांमधला स्वीडनचा.” महाराष्ट्राने २०१७ साली सरपंच थेट जनतेतून निवडायला सुरुवात केली, २०२० साली ते बंद केलं आणि २०२२ साली पुन्हा सुरू केलं. त्यामुळे परीक्षक विरुद्ध जनता हा युरोपाला न सुटलेला प्रश्न गल्लीतल्या प्रत्येकाला कळला, आणि गल्लीत लगेच दोन गट पडले.

‘भारताचा यात काय संबंध?’ असं विचारणाऱ्यासाठी सरांकडे दोन हुकमी नावं आहेत. १९६८ साली ब्रिटनकडून गायलेला क्लिफ रिचर्ड लखनौचा जन्मलेला. तो स्पेनपुढे अवघ्या एका गुणाने हरला, २९ विरुद्ध २८. आणि २०१२ साली बाकूमध्ये ब्रिटनकडून गायलेला एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासचा जन्मलेला, सव्विसांत पंचविसावा. “म्हणजे आपण दुसरे बी आलोत आन् पंचविसावे बी,” असं सर सांगतात. हा ‘आपण’ कुठून कुठवर पसरतो ते पाहण्यासारखं असतं. सकाळी तो लातूरला वगळतो, रात्री बर्लिनला पोटात घेतो.

अलीकडे जर्मनीची तब्येत सुधारली आहे. २०२४ साली माल्मोत बारावी, २०२५ साली बाझेलमध्ये पंधरावी. शाळेत पस्तीस टक्क्यांना ‘प्रगती समाधानकारक’ लिहिणाऱ्या माणसाला हे पुरेसं असायला हवं होतं. पण सरांचा धीर सुटला. जर्मनी सर्वांत जास्त पैसा देणाऱ्या देशांपैकी आहे, म्हणून तिला उपांत्य फेरीही द्यावी लागत नाही, थेट अंतिम फेरीत प्रवेश. इतकी सवलत असून निकाल असा. तेव्हा उपाय आता परभणीनेच केला पाहिजे, या मुक्कामाला ते पोचले आणि त्यांनी नियमावली पुन्हा एकदा अथपासून इतिपर्यंत वाचली.

तीत त्यांना सापडलं की गायक त्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे अशी अट स्पर्धेत नाही. १९८८ साली स्वित्झर्लंडला जिंकून दिलं ते सेलीन डिऑनने, आणि ती कॅनडाची. मग जर्मनीकडून गंगाखेडचा माणूस का नको? जनाबाईंचं गाव. गळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या तयार. सरांनी एका भजनी मंडळाला गाठलं, जर्मनीचा अडलेला संसार सांगितला आणि अटी वाचायला सुरुवात केली.

वय सोळाच्या पुढे. मंडळी हसली, सर्वांत लहान टाळकरी पन्नाशीचा होता. मंचावर सहाच जण. इथे कुजबुज झाली, कारण मंडळात एकोणीस, आणि कुणाला घरी ठेवायचं यावरून मंडळ फुटायची वेळ. गाणं तीन मिनिटांत संपलं पाहिजे. बुवांनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. तीन मिनिटांत त्यांचा नुसता आवाज लागतो. पखवाज जुळायला त्याहून जास्त वेळ जातो.

शेवटची अट सरांनी जरा हळू आवाजात वाचली. गळा प्रत्यक्ष लावायचा, वाद्यं मात्र आधीच ध्वनिमुद्रित केलेली असणार. मंचावर वाद्य घेऊन उभं राहता येतं, पण वाजवायचं नाही, वाजवल्यासारखं करायचं.

“म्हंजे मी काय करायचं?” पखवाजवाल्याने विचारलं.

“हात हलवायचे. आवाज मशीनमधून येईल.”

“मंग जर्मनीला मशीनच पाठवा म्हणावं,” असं म्हणून त्याने पखवाजाला खोळ घातली. सर सध्या सेलूच्या एका मंडळाशी बोलणी करत आहेत.