किती खाली उतरतं ते विचारा, वहिनी

अहो वहिनी, कपडे वाळत घालून झाले असले तर जरा गडग्याशी या. ओरडून सांगण्यासारखं नाही. काल तुमच्याकडचे भाऊजी आमच्या खळ्यात तासभर उकिडवे बसले होते, ते वेल्डिंगचं मशीन न्याहाळत. जाताना म्हणाले, "आपणही घेऊन टाकू एक, जीपचा पत्रा सडलाय." तेव्हाच ठरवलं, वहिनींच्या कानावर घातलं पाहिजे. नको म्हणा असं नाही हो. घेऊ देत की. पण आमच्यासारखं आधी हात पोळून मग नको.

आमची पांढरी एट हंड्रेड तुम्हाला माहीतच आहे, 1998 ची. पंधरा वर्षं झाल्यापासून दर पाच वर्षांनी ती पासिंगला जाते आणि ताप मला येतो. आता पुढचं 2028 ला. गेल्या पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, तर खालची जमीन दिसली! आपली खारी हवा, ओल्या चपला, ओली छत्री. वरून रंग शाबूत आणि आतून पत्रा खलास. तीन वर्षांपूर्वी एका डेंटिंगवाल्याकडून करून घेतलं होतं. नाव नाही घेत त्याचं. त्याने सडक्या पत्र्यावरच नवा तुकडा ठेवून गॅसने चिकटवला आणि वर डांबर फासलं. दोन पावसाळ्यांत दोन्ही पत्रे गेले. सडकं कापत कापत चकचकीत पत्रा लागेपर्यंत जायचं असतं, हे तेव्हा कुणाला माहीत! तेव्हापासून ह्यांचं एकच, मीच करीन.

पहिला उद्योग काय केला, तर गेटं बनवणाऱ्याकडचं चाकांचं आर्क मशीन उसनं आणलं. आठवतंय, तुमची ट्यूब मिचमिचायला लागली आणि तुम्ही वायरमनला फोन केलात? तो आमचाच प्रताप. आज कबूल करते. आता बघा, बारा नंबरची रॉड म्हणजे अडीच मिलिमीटर जाड, आणि गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. सुईएवढं भोक बुजवायला गेले, ते रुपयाएवढं झालं. रुपयाएवढं बुजवायला गेले, वाटीएवढं झालं. वाटीवर मी हात जोडले.

मग सुरू झालं संशोधन. तीन महिने घरात दुसरा विषय नाही. आमटीत मीठ कमी म्हणायच्या ऐवजी करंट कमी म्हणाले एकदा, देवाशपथ! म्हणून तर मला हे सगळं पाठ झालंय. दुकानात गेलं की दुकानदार पहिलं सांगणार, साहेब, 200 अँपिअर, 250 अँपिअर. ह्यांची मान डोलायला लागली. ह्यांचा भाचा कोल्हापूरला उद्यमनगरात कामाला आहे ना, त्याने फोनवर मलाच सांगितलं, "मामी, वर किती चढतं ते नका विचारू, खाली किती उतरतं ते विचारा." आणि खरंच की हो! पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला तीस-चाळीस अँपिअर पुरतात. तिथे ज्योत स्थिर राहिली पाहिजे. आपण शेगडी घेताना दूध आटवायची बारीक आच धरते का, ते बघतो. मोठ्या आचेवर काय, कुणीही खीर करपवील.

तर पत्र्याला हवं ते तार आपोआप पुढे सरकणारं मशीन. वर्कशॉपवाले त्याला सीओटू म्हणतात, पुस्तकी नाव मिग. त्यातही दोन जाती. एक सिलिंडरवालं, दुसरं बिनगॅसचं. बिनगॅसच्या तारेच्या पोटातच मसाला भरलेला असतो. सिलिंडरची कटकट नाही म्हणून भाऊजी त्यालाच भुलणार, मला माहीत आहे. पण ते जास्त तापतं, ठिणग्या चौफेर उडवतं आणि वरची खपली ठोकून काढावी लागते. गेटाला, कुंपणाला झकास, आणि वाऱ्यात चालतं. पातळ पत्र्यावर मात्र नवशिक्याचं नाक कापतं. आम्ही सिलिंडरवालं घेतलं. दोन्ही चालणारं मशीनही मिळतं, पण तार बदलली की आतल्या दोन वायरींची प्लस-मायनस अदलाबदल करावी लागते. ह्यांनी एकदा विसरून केलेला जोड मी अजून ठेवलाय दाखवायला.

गॅस नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो. त्यात आर्गन मिसळलेला असला तर ठिणग्या कमी आणि जोड मऊ. पण संध्याकाळचा वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोडाला घावनासारखी जाळी पडते. घावनाला शोभते, गाडीला नाही. म्हणून तर आमच्या खळ्यात ती ताडपत्री बांधलीय. तुम्हाला वाटलं असेल, कसलं कार्य आहे! तार 0.6 ची, ती इथे मिळत नाही, भाचा पाठवतो. 0.8 ची कुठेही मिळते, तिनेही निभतं, फक्त हात जास्त बसलेला लागतो. आणि बरोबर जमलं की आवाज येतो कांदाभजी तळल्यासारखा, सलग चर्रर्र. फाट् फाट् व्हायला लागलं की मी स्वयंपाकघरातूनच ओरडते, "तार नाहीतर करंट बघा!"

ड्युटी सायकल म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. 20 टक्के म्हणजे दहा मिनिटांत दोन मिनिटं काम आणि आठ मिनिटं विश्रांती. वाचून मी म्हटलं, हे मशीन आहे की आमचे हे? पण तो आकडा मोठ्या करंटचा. पत्र्याच्या कामाला मशीन तापतच नाही. शिवाय लांब रेघ ओढायचीच नसते. इथे एक टाका, तिथे समोर एक टाका, मध्ये निवू द्यायचं. गोधडीला आधी धावदोरा घालतो ना, तसं. सलग ओढलं की पत्रा पापडासारखा वाकडा.

वायरमनकडून वेगळी लाइन मात्र घ्याच, जाड वायर आणि वेगळा एमसीबी. अर्थिंग तपासून घ्या. आपली जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडीठक्क, अर्थिंगच्या खड्ड्यात मी तुळशीबरोबर पाणी घालते.

आणि मशीनइतकाच खर्च वरचा, तो दुकानदार सांगत नाही. ग्राइंडर, चामड्याचे हातमोजे, गॅसचा रेग्युलेटर, आणि ती आपोआप काळी होणारी काच. त्या काचेत कंजूषी करू देऊ नका. ह्यांनी "एकच टाका" म्हणत मास्क बाजूला ठेवला आणि रात्री दोनला उठून बसले, डोळ्यांत वाळू गेलीय म्हणून. सासूबाई बटाट्याच्या चकत्या घेऊन धावल्या. मी रिक्षा बोलावली, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. वर बनियनवर काम केलेलं, म्हणून गळ्याखाली उन्हाने भाजल्यासारखा लालभडक त्रिकोण, तो वेगळाच.

काही गोष्टींना मात्र हात लावायचा नाही, हे मी कागदावर लिहून घेतलंय त्यांच्याकडून. पेट्रोलची टाकी नाही, रिकामी असली तरी नाही. सीटबेल्ट जिथे बसतो तिथला आणि चाकाच्या स्प्रिंगपाशी येणारा पत्रा नाही. ते चांगल्या वर्कशॉपनेच करायचं. बाकी मॅट, सीट, कापूस सगळं आधी बाहेर, बॅटरीची वायर काढलेली, आणि जोड झाल्यावर अर्धा तास मी पाण्याची बादली घेऊन शेजारी बसायचं. पत्र्यामागचं डांबर धुमसत राहतं हो, दिसत नाही.

भाऊजींना आधी भंगारातून जुनं बॉनेट आणायला सांगा, महिनाभर त्यावर हात बसू दे. तेलाचा डबा नको. तो गाडीच्या पत्र्याहूनही पातळ, ह्यांनी माझे तीन डबे चाळणी केले. तुमच्या जीपचा पत्रा जरा जाड, तेवढं तुमचं सुख.

थांबा, जळल्याचा वास येतोय का हो? आमच्याकडे आज मशीन बंद आहे, हे बाजारात गेलेत… अहो वहिनी, हा तर खोबऱ्याचा वास! वाटपाचं भाजायला ठेवून आलात की काय?