साठा भरपूर, गाडी बंद

कोलकात्यात पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड एकमेकांना छेदतात, तिथे मल्लिकबाजार आहे. मोडीत निघालेल्या गाड्यांच्या या बाजारात जुन्या येझदीचा मालक लांबूनच ओळखू येतो. इतर गिऱ्हाइकं काहीतरी शोधत असतात; हा मिळेल ते घेत असतो. ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला पार्ट तो आधी हुंगतो, मग कागदाचं एक टोक अलगद उचलून आतला शिक्का वाचतो, आणि देवाच्या गाभाऱ्यात बोलावं तसा आवाज खाली आणून म्हणतो, "ओरिजिनल!" घरी जिन्याखाली हॉर्लिक्सच्या बाटल्यांची रांग असते. एकीत कॉन्टॅक्ट पॉइंट, दुसरीत कंडेन्सर, तिसरीत नेमकं काय आहे हे त्यालाही आठवत नाही, पण ती हलवायची नाही. बाजूलाच ताडपत्रीखाली गाडी. बंद. पुण्याच्या नाना पेठेत याचे सख्खे भाऊबंद भेटतील. फरक इतकाच की पुणेकर भाव ऐकून निघून जातो आणि हा भाव न विचारता तासभर अड्डा जमवतो. लोक याला दूरदर्शी समजतात. मला ते पटत नाही. गाडीला जे हमखास लागणार ते साठवून टिकत नाही आणि जे टिकतं ते सहसा लागत नाही, ही साधी गोष्ट त्याच्या साठ्यानेच सिद्ध होते.

येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं, मग वर जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही टोकांचे ऑइल सील धड असले तरच गाडी शहाण्यासारखी वागते. सील कडक झाला की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन उगाच किंचाळतं आणि शेवटी पिस्टन जाम होतो. म्हणजे जीव अडकलाय तो रबराच्या एका कड्यात, आणि रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. कोलकात्याच्या उकाड्यात तर बाटलीतल्या बाटलीत. कंडेन्सरही पडून पडून निकामी होतो. उलट बेअरिंगचं पाहा. ६२०५ नंबरचं बेअरिंग म्हटलं की आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडीला १५ मिलिमीटर, मग ते कुठल्याही देशात बनो. हा माल आजही नवा मिळतो. तरी यांच्याकडे अशा मालाचीच चळत. क्लच केबलच्या तर जुड्या, आणि ती जुनी नमुन्याला दिली की कुठलाही केबलवाला बनवून देतो.

यावर तो म्हणेल, कंपनीच उरली नाही तर काय करायचं? प्रश्न रास्त आहे. म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. २०२२ मध्ये येझदीचं नाव परत आलं, पण नव्या गाडीचं इंजिन ३३४ सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. त्यातला पिस्टन जुनीला चालेल ही आशा कुणी ठेवू नये. शिवाय यानं उचलला नसता तर तो माल भट्टीत गेला असता, हेही कबूल. पण खरोखर दुर्मिळ ते काय? गिअरचे दाते, क्रँककेस, आणि येझदीत एकच दांडी किक आणि गिअर दोन्हीसाठी असते तिचा शाफ्ट. हे त्याच्याकडे नसतं. असतं ते दुसऱ्या कुणाच्या तरी जिन्याखाली, आणि तो विकत नाही, अदलाबदल मागतो. बदल्यात यानं द्यायचं काय, तर केबलच्या जुड्या. शाफ्ट बाजारात का येत नाही याचं कोडं दोघेही अड्ड्यावर बसून सोडवत राहतात. नदीपलीकडे हावड्यात बेलिलियस रोडवर लेथवाले आहेत, नमुना दिला तर ते शाफ्ट कातून देतील. त्याला नीट पाणी दिलं नाही तर दाते लवकर झिजतील, हे खरंच. पण पाणी देणारा चांगला मिस्त्री हीच तर खरी बेगमी, आणि तो बाटलीत मावत नाही.

अलीकडे त्याला एक नवं हत्यार सापडलंय. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं उलटलेल्या दुचाकीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, पण चासी किंवा इंजिनमध्ये फेरफार झालेला नसावा. "पाहा, ओरिजिनलच लागतं!" तो विजयी मुद्रेने सांगतो. नियमात क्लच केबलचा उल्लेख नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही. अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही, असंही त्याच नियमात आहे; म्हणजे ती उभी असते याबद्दल घरच्यांनी जो जाब विचारायचा, तो आता थेट दिल्लीला विचारावा. रस्त्यावर काढायची मुभा आहे ती प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि देखभालीला. मल्लिकबाजारचा फेरा शेवटच्या कलमात बसतो, एवढं त्यानं वकिलाला विचारून घेतलंय.