नारळ उठतो तेव्हा

माढा तालुक्यात पदार्थविज्ञानाचा सगळ्यात महागडा प्रयोग नारळावर होतो. बोअरची गाडी यायच्या आधी पाणाड्या येतो. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी रानभर हिंडतो. जिथे नारळ ताडकन उभा राहील तिथे दगड ठेवायचा. मग गाडी येते, फुटागणिक बिल चढतं आणि धुरळ्यात घरधनी पांढराफटक होतो. खरं तर तालुक्यातच भीमेवर उजनी धरण आहे. भरलं की ११७ टीएमसी पाणी. ते शोधायला नारळ लागत नाही. ते आमच्या रानापर्यंत का येत नाही, हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा नसल्याने सोडून देतो.

नारळ उठतो कसा, हे कोडं मला शाळेपासून छळतंय. गावात उत्तरांना तोटा नाही. जुनी माणसं म्हणतात, पाणाड्या पायाळू लागतो. नवी पोरं म्हणतात, रक्तगट ओ पॉझिटिव्ह लागतो. माझा बी आहे. नारळाने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. विज्ञान शिकवणारे आमचे एक पाहुणे ‘चुंबकीय लहरी’ एवढंच बोलून चहाचा कप उचलतात.

उत्तर १८५३ सालीच मिळालंय. तेव्हा इंग्लंडात भल्याभल्यांना एक नाद लागला होता. टेबलाभोवती बसायचं, वर हात टेकायचे आणि टेबल आपोआप फिरलं की भुताला नमस्कार करायचा. मायकेल फॅरेडेने (यानेच विजेवर फिरती हालचाल करून दाखवली, म्हणून आज आपली विहिरीवरची मोटर चालते, अर्थात लाइट असेल तर) लोकांच्या हातांखाली एकमेकांवर सरकणारे पुठ्ठे ठेवले. टेबलाआधी हात सरकत होते! बसलेल्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हात किती हलतोय ते दाखवणारा काटा समोर ठेवल्यावर मात्र भूत गप्प झालं. नारळाचंही तेच. तो आधीच डळमळीत; बोटं मनातल्या मनात किंचित वळली तरी उठतो. पाणाड्या लबाड असतोच असं नाही. बिचारा स्वतःच दचकतो.

मग पाणी कसं लागतं? आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर आहेत. मुरमात, भेगांत, थरांच्या सांध्यांत पाणी मुरलेलं असतं. थोडंफार बऱ्याच ठिकाणी लागतं. शिवाय मुरलेला पाणाड्या ओघळ, उंबर, वारूळ सगळं डोळ्यांखालून घालतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत झाडं आणि वारुळं पाहूनच पाणी सांगितलंय. आणि कोरड्या गेलेल्या बोअरवर कोणी कट्टा बांधून गप्पा मारत नाही, ती मुकाट बुजवली जाते.

परवा आमच्या भावकीतल्या अण्णांनी शहाणपणा केला. जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजणारा यंत्रवाला आणला. त्याने एका जागी चुन्याची फुली मारली. अण्णांनी खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पाणाड्यालाही बोलावलं. नारळ बरोब्बर फुलीवर उठला! अण्णांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हणालो, “अण्णा, फुली पुसा, त्यांना लांबून फिरवून आणा आणि परत बघा.”

अण्णांनी माझ्या शिक्षणाची कीव केली.

“आरं, फुली पुसल्यावर नारळाला कळायचं कसं?”