बाळंतपण कुणाच्या खात्यावर?

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत ज्यांनी घातली त्यांच्यापुढे संगणक नव्हता. असता तरी त्यांनी ती बदलली नसती. पोरगी अवघडलेली, सासरी चारचौघांत पाय पसरून बसायची चोरी, तिला आईच्या हातची अळिवाची खीर हवी. अशा वेळी आकडेवारीचा विचार कोण करतं?

करतात. सासरच्या गावच्या आशाताई करतात.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान 2005 साली सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक अशा या ताई गावोगाव आल्या. कुणाला दिवस गेलेत हे त्यांना कधीकधी नवऱ्याच्या आधी कळतं. कळलं की बारा आठवड्यांच्या आत नोंद झाली पाहिजे. मग प्रश्न येतो शेवटच्या पाळीच्या तारखेचा. सूनबाई सांगतात, "पोळ्याच्या आधी दोन दिवस." ताई भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटत पोळ्यापर्यंत जातात, दोन घरं मागे सरकतात आणि तारीख लिहितात. ती तारीख उपकेंद्रातल्या सिस्टरच्या रजिस्टरात जाते, तिथून सरकारी पोर्टलवर चढते, सूनबाईंना आरसीएच, म्हणजे प्रजनन व बाल आरोग्याचा, नंबर मिळतो आणि बाळंतपणाचा अपेक्षित दिवसही ठरतो. दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या पडद्यावरची ती तारीख बैलांच्या सणावरून मोजलेली आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. सांगू नयेच. तारीख बहुतेक वेळा बरोबर असते.

पुढचे रकाने भराभर भरतात. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या दिल्या. (खाल्ल्या का, हा वेगळा विषय.) सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरव्या साडीतले फोटो निघतात, वडील गाडी घेऊन येतात आणि रजिस्टरातली ती सुबक ओळ अर्ध्यावर थांबते. ओळीची मालकीण गेली माहेरी.

आता माहेरच्या गावात काय होतं बघा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला ही बाई ठाऊक नाही. ती येते, बाळंत होते आणि त्या केंद्राच्या मासिक अहवालात एक प्रसूती, एक जिवंत जन्म आणि एक बीसीजी लस अशी भर पडते. बाळाला नाव नसतं. बारशापर्यंत ते 'बेबी ऑफ' अमुक एवढंच असतं. आत्याने कानात कुर्र करायच्या आधीच सरकारने त्याला मोजलेलं असतं. वजन अडीच किलो. अडीचच्या खाली गेलं तर ते कमी वजनाचं बाळ ठरतं, त्याच्यामागे आणखी कागद येतात. देशभरातल्या जन्मवजनांचा आलेख काढला की नेमक्या अडीच किलोवर एक उंच सुळका दिसतो, हे अभ्यासकांना जुनं आहे. इतकी बाळं ठरवून अडीच किलोची जन्मत नाहीत. काही काट्याचा दोष, काही लिहिणाऱ्याच्या हाताची सवय.

मग माहेरच्या आशाताई घरी येऊ लागतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा, अशा सहा भेटी. नवजात बाळाची अशी घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत नव्वदच्या दशकात करून दाखवली आणि 2011 मध्ये देशाने ती उचलली. बाळाला झोळीत घालून ताणकाट्याला टांगलं की आजीच्या पोटात गोळा येतो. टांगण्याचं तिला फारसं काही नाही. ताई वजन मोठ्याने वाचतात, त्याने दृष्ट लागते असं तिचं म्हणणं. म्हणून काही ताई मुकाट्याने वाचतात आणि लिहून घेतात. सहा भेटींचे मिळून ताईंना अडीचशे रुपये. आणि आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने उठते! चाळिसाव्या दिवशी गाडी सासरच्या वाटेला लागते आणि बेचाळिसाव्या दिवसाची भेट राहते लोंबकळत. ती कुणी करायची, कुणी लिहायची यावर दोन गावच्या दोन ताई फोनवर बोलतात, ते कुठल्याच पोर्टलवर चढत नाही.

खरी गंमत पुढे, तालुक्याच्या आढावा बैठकीत. जन्माला बीसीजी दिलेली किती मुलं नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीला आली, यावरून गळती काढतात. समजा, माहेरकडच्या केंद्रात बीसीजी चाळीस आणि गोवर-रुबेला तीस. पंचवीस टक्के गळती. डॉक्टर मान खाली घालून ऐकून घेतात. सासरकडच्या केंद्रात बीसीजी तीस आणि गोवर-रुबेला छत्तीस. गळती उणे वीस टक्के! म्हणजे न आलेली मुलं शून्याहूनही कमी. कुणीही चुकीचं लिहिलेलं नाही. मुलं फक्त आईच्या कडेवर बसून सासरी गेली. काही ठिकाणी लसीकरण एकशे चार टक्के भरतं, ते कोडंही बरंचसं असंच. उद्दिष्ट लोकसंख्येला जन्मदराने गुणून वरून येतं, मुलं येतात बापांच्या आणि मामांच्या गावाहून.

तपासणाऱ्यांना हे कळत नाही असं नाही. म्हणून तर देशात मोजणीच्या आणखीही रीती आहेत. आणि इथे मला मनापासून मौज वाटते, कारण 'ही बाई कुठली?' या प्रश्नाला तिन्ही रीतींचं उत्तर निराळं आहे. दवाखान्यांचा मासिक अहवाल म्हणतो, जिथे बाळंत झाली तिथली. नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे एसआरएस, विचारते, नेहमी राहते कुठे? 1969-70 पासून देशभर चाललेल्या या पद्धतीत निवडलेल्या वस्तीत एक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपतो आणि दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस, पहिल्याचं न बघता, पुन्हा घरोघर जातो. मग दोघांच्या याद्या जुळवतात आणि जे जुळत नाही त्यासाठी परत दार वाजवतात. भारताचा अर्भक मृत्युदर 2020 मध्ये हजार जन्मांमागे 28 आणि महाराष्ट्राचा 16, हे आकडे या दार वाजवण्यातून आले. इथे माहेरवाशीण पाहुणी धरतात, बाळ मोजतात सासरच्या खात्यात. तिसरं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याची सूत्रं मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे. पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, सहा लाख छत्तीस हजारांहून जास्त घरं झाली. तिथे पाहतात, काल रात्री या घरात कोण झोपलं होतं? माहेरी झोपली असेल तर ती माहेरची. सासू-सुनेच्या भांडणात सुद्धा इतक्या बाजू नसतात.

त्यातल्या त्यात शेवटचा प्रश्न मला आवडतो. तो बाईला तू कुणाची असं विचारत नाही.

पण बीडच्या ज्या ऊसतोड मजूर बाईची कालची रात्र सासरी नाही, माहेरीही नाही, कुठल्या तरी साखर कारखान्याच्या फडातल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, गेली, तिचं काय? दिवाळीच्या आसपास निघालेली ऊसतोडणीची टोळी उन्हाळ्याच्या तोंडाला परतते. तेवढ्यात गरोदरपणातल्या तपासणीचे महिने बहुतेक संपतात. घरच्या रजिस्टरात तिच्या नावापुढे 'स्थलांतरित', फडाच्या गावात ती बाहेरची. आरसीएच नंबराने बाईबरोबर प्रवास करावा म्हणूनच तो काढला, पण त्यासाठी कार्ड पेटीत असावं लागतं, आणि पुढच्या गावी ते कुणीतरी मागावं लागतं.

दुसरं बाळंतपण मात्र सासरी. त्या वेळी आमच्या आशाताई खुशीत असतात. पाळीची तारीख, तपासण्या, प्रसूती, सहाच्या सहा भेटी, सगळी ओळ एका हाताने भरलेली. थोरल्याला पाच वर्षं पूर्ण झाल्यावरचा डीपीटीचा बूस्टर द्यायचा असतो, तोही याच सत्रात उरकू म्हणून ताई यादी घेऊन दारात येतात. सासूबाई आतूनच सांगतात, "तो नाही इथं. आईला झेपेना म्हणून मामाने नेलाय आजोळी."

ताई पदर खोचतात आणि माहेरच्या ताईंना फोन लावतात.