रुसायला वरपक्षच नव्हता

"अगं, पत्रिकेत दोन्ही नावांच्या आधी चि. सौ. कां.! छापखानेवाल्याचा फोन आला, म्हणे वहिनी, एका ठिकाणी नुसतं चि. हवं ना? म्हटलं, नको, आहे तसंच छाप. तर विचारतो कसा, मग 'श्रीकृपेकरून' ठेवू की काढू? म्हटलं, श्रीकृपेला काय झालंय?"

कुंपणापलीकडच्या वहिनींना विषयात शिरायला उंबरा लागत नाही. त्यांच्या नणंदेच्या मुलीचं डिसेंबरात लग्न झालं आणि ते मुलीशी झालं, एवढं आमच्या कॉलनीला ठाऊक होतं. बाकीचा तपशील त्यांनी नणंद सॅन होजेला परत जाईपर्यंत दाबून ठेवला होता. आता जास्वंदीवरचा मावा काढायचं निमित्त करून त्या कुंपणाशी उभ्या राहिल्या. मीही बादलीतले कपडे बादलीतच ठेवले.

"पण वहिनी, डिसेंबर म्हणजे धनुर्मास. मुहूर्त कुठला?"

"काढीव गं. अमेरिकेतल्यांना रजा मिळते नाताळात. पंचांगवाल्यांनीही त्यांच्यापुढे केव्हाच हात टेकलेत."

आधी एक कार्यालय ठरलं होतं, आगाऊ रक्कमही भरली होती. फॉर्मवर दोन रकाने, वधू आणि वर. नणंदेनं दुसऱ्या, कोल्हापूरच्या मुलीचं नाव वराच्या रकान्यात लिहिलं. मॅनेजरनं चष्मा वर-खाली केला आणि म्हणाला, आमच्याकडे मुंज होते, बारसं होतं, साठीशांत होते, असलं होत नाही. "आणि आगाऊचे पैसे परत द्यायला मेल्यानं महिना लावला. ते बरं होतं त्याच्याकडे!" शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं पौडच्या पुढं एक शेतघर मिळालं.

"तो तरी काय करणार, इथं कायद्यानं ते लग्नच धरत नाहीत," मी म्हटलं. 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी सांगितलं होतं, लग्न हा मूलभूत हक्क नाही, बदल करायचा तर संसदेनं करावा. निदान अशा सहजीवनाला तरी मान्यता द्यावी, असं सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांचं मत पडलं, पण ते तीन विरुद्ध दोननं राहून गेलं. फेरविचाराचे अर्जही 2025 च्या जानेवारीत फेटाळले गेले.

"धरत नाहीत ते सरकार. पण अक्षता टाकू नका असं कुठल्या न्यायाधीशानं सांगितलंय? माझं माहेर यवतमाळ, विसरलीस? आमच्या यवतमाळात 2017 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मुलानं आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी हॉटेलात समारंभ करून लग्न लावलं. तेव्हा तर असल्या संबंधांना गुन्हा ठरवणारं ते 377 कलमही होतं."

हे खरंच. ते कलम सैल झालं सप्टेंबर 2018 मध्ये. आणि ज्या सुप्रियोंच्या नावानं तो लग्नाचा खटला ओळखला जातो, त्यांनी कोर्टाची पायरी चढण्याआधीच, 2021 मध्ये, हैदराबादला आपल्या जोडीदाराबरोबर हळद-मेंदीसकट समारंभ करून टाकला होता. नागपुरात दोघी डॉक्टरांचा साखरपुडाही त्याच वर्षीच्या डिसेंबरातला. माणसं कागदाची वाट बघत बसलेली नाहीत.

वहिनींना मात्र कोर्टात रस नव्हता. त्यांना सांगायचं होतं मानपानाचं, आणि त्यांच्याइतका त्या विषयाचा अभ्यास आमच्या कॉलनीत कुणाचा नाही. स्वतःच्या लग्नात विहिणीच्या पंगतीत वाटी पितळेची आली म्हणून त्यांच्या सासूबाई तासभर जेवल्या नव्हत्या. ती वाटी अजून घरात आहे.

"सांगते काय, दोन्हीकडे वधूपक्ष! सीमांतपूजनाला कुणी कुणाचे पाय धुवायचे? कोल्हापूरची विहीण म्हणते, आम्ही मुलीकडचे, आम्ही धुतो. नणंद म्हणते, वा, मुलीकडचे तर आम्ही. दोघी तांब्या धरून उभ्या. शेवटी दोघींनी एकमेकींची ओटी भरली आणि पाय धुणं रद्द. मोठ्या जाऊबाई रुसायच्या तयारीनं नेसून आल्या होत्या, तुला माहितीये त्यांचं. पण रुसायचं ते वरमायेच्या बाजूनं. इथं वरमायच नाही! बिचाऱ्या दिवसभर नुसत्या हसऱ्या चेहऱ्यानं फिरल्या, दमल्या."

मी हसले, पण मुद्दा लागला. आपल्या निम्म्या रीती कोण वर आणि कोण खाली यावर उभ्या आहेत. वर उभा असायचा, खालचे वाकायचे. खालीवरच उरलं नाही की त्या रीतींना टेकू राहत नाही. वहिनींच्या बोलण्यातून हे आपोआप दिसत होतं, कारण जे मोडलं ते सगळं तिथलंच होतं. हळदीचंच बघा. नवऱ्याची उष्टी हळद नवरीला लावायची ही रीत. इथं उष्टी कुणाची? एका परातीत हळद कालवली, दोघींना एकदमच लावली, चर्चा संपली.

"आणि गौरीहर दोन! दोन खोल्यांत दोघी शालू नेसून, अन्नपूर्णेपुढे तांदूळ वाहत. एरवी नवरा बोहल्यावर आधी येऊन उभा असतो, मामा नवरीला घेऊन येतो. इथं दोन मामा. ठरलं होतं, दोन दारांतून एकदम निघायचं. कोल्हापूरचा मामा निघाला पण! आणि आमचे हे? फेटा बांधणाऱ्याशी पैशावरून घासाघीस. ती पोरगी अंतरपाटासमोर एकटी उभी, आणि हे चार मिनिटांनी धापा टाकत, भाचीला जवळजवळ ओढतच आले."

पुढच्या खेपेला वहिनींच्या यजमानांना फेटा घरूनच बांधून न्यावा लागणार.

भटजींचं विचारलं. पहिल्यांनी साफ नकार दिला. मग एक बाई मिळाल्या, पौरोहित्य करणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी दोघींना आधी समोर बसवून प्रत्येक विधीचा अर्थ सांगितला आणि विचारलं, यातलं काय ठेवायचं. तेव्हा मला फुल्यांची आठवण झाली. 1873 मध्ये सत्यशोधक समाज निघाला, त्याच वर्षी 25 डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लागलं, ब्राह्मण पुरोहित न बोलावता. फुल्यांनी मंगलाष्टकं मराठीत स्वतः रचली. त्यांत नवरी हक्क मागते आणि नवरा ते द्यायचं कबूल करतो. तेव्हाही असंच म्हटलं गेलं असणार, हे कसलं लग्न. मी हे बोलले, तर वहिनी म्हणाल्या, "हो, पण मंगलाष्टकं आमच्याकडे धाकट्या आत्यांनी केली, आणि वृत्तात बसेनात. आयुष्यभर वधू-वर, वधू-वर लिहिलेलं. तिसऱ्या ओळीला सूर गेला तो गेला. सावधान मात्र सगळ्यांनी जोरात म्हटलं."

कन्यादानावर अडलं. मुलींचं म्हणणं, आम्ही दान द्यायच्या वस्तू नाही. कोल्हापूरच्या वडिलांना ते पटेना. एकच मुलगी, जन्मभर मनात धरलेला विधी. ते उठून मागच्या ओट्यावर जाऊन बसले. वहिनींचा आवाज इथं जरा खाली आला. पौरोहित्य करणाऱ्या त्या बाईच त्यांच्याकडे गेल्या, काय बोलल्या कुणाला कळलं नाही. मग दोन्ही आईबाप एकत्र बसले, दोघींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवले आणि दोन्ही बापांनी वरून पाण्याची धार सोडली. दिल्याचे शब्द गाळले. कोल्हापूरच्या वडिलांची धार थांबेना. हात इतका थरथरत होता की नणंदेच्या यजमानांनी तांब्याला खालून हात लावला.

"सप्तपदीला गंमत! पुढे कोण चालणार? सात पावलं, वाटणी होईना. तीन हिनं पुढं, तीन तिनं पुढं, सातवं दोघींचं बरोबर. तांदळाच्या शेवटच्या राशीवर दोघींचे अंगठे एकदम, राशीचा चुराडा."

कान पिळायला दोघींचे भाऊ. दोघांनी दोघींचे पिळले आणि पाकिटं वसूल केली. मंगळसूत्राच्या दोन वाट्या, एक माहेरची, एक सासरची म्हणतात. या पोरींनी एकच मंगळसूत्र घेतलं, त्यातली एकेक वाटी दोघींनी वाटून घेतली आणि काळ्या मण्यांत ओवली. सोनाराला नवल वाटलं नसावं. त्यानं फक्त सांगितलं, मजुरी दोनदा पडेल.

उखाणा वहिनींनी पाठ करून ठेवला होता, नाव तेवढं गाळून म्हणून दाखवला. "दोन्ही दारी तोरण, दोन्हीकडून वरात, अमकीचं नाव घेते, भांडी कोण घासणार ते ठरवू घरात."

"आणि तुमच्या मोठ्या आत्या आल्या होत्या?"

"आल्या, जेवल्या, मठ्ठा दोनदा मागितला, जिलब्या डब्यात भरून घेतल्या आणि गाडीत बसताना म्हणाल्या, मला काही हे पटलेलं नाही. म्हटलं, नाही पटलं तरी आलात, पुष्कळ झालं."

सॅन होजेत पोरींच्या लग्नाची नोंदणी आधीच झाली आहे. तिकडं 2015 पासून देशभर कायदेशीर मान्यताच आहे. पण दोघींच्या मनात पुढंमागं पुण्याला परतायचं आहे, आणि वहिनींना त्याचीच काळजी. "इथं आल्या की कागदावर कोण त्या? मैत्रिणी? उद्या एकीला दवाखान्यात ठेवलं, तर दुसरीची सही चालेल का गं?" मी सांगितलं, अर्थ खात्यानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय की अशा जोडीला बँकेत संयुक्त खातं काढायला आणि त्या खात्यावर एकमेकांना नॉमिनी म्हणून नेमायला आडकाठी नाही. बाकीच्या मालमत्तेसाठी मृत्युपत्र करून ठेवायचं; दवाखान्यातल्या सहीचं मात्र मलाही ठाऊक नाही. "म्हणजे लग्नाआधी वकील," वहिनी म्हणाल्या आणि मावा असलेलं एक पान तोडून त्यांनी माझ्या बाजूला टाकलं. ते मी परत त्यांच्या बाजूला टाकलं.

"बरं, खरा प्रश्न वेगळाच आहे. यंदा अधिक ज्येष्ठ. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. आता जावई कोण?"

"दोघी."

"तेच नणंद म्हणते. ती कोल्हापूरच्या पोरीला देणार, विहीण आमच्या पोरीला. म्हणजे सहासष्ट. पोरी मे महिन्यात येतायत पंधरा दिवस. कोल्हापूरचे तेहतीस विहीणबाई बघतील, नणंद तिकडं बसून माझ्यावर सोडून मोकळी झालीय. तुझ्याकडे गेल्या खेपेला अनारशाचं पीठ फार छान झालं होतं."

"वहिनी, तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं..."

"मग काय, तीन दिवसांनी मी गूळ घेऊन येते. खसखस तुझ्याकडे असेलच."